ब्रेकर सारखा ट्रिप होतोय? डायल फिरवायच्या आधी एवढं वाचाच



एसीबीच्या ट्रिप युनिटवरच्या व्हिडिओत आपण डायल कोणता आणि कशासाठी, हे पाहिलं. पण व्हिडिओत आकडे पटापट पुढे सरकतात. वहीत उतरवायला वेळ मिळत नाही. म्हणून इथे तोच हिशोब सावकाश मांडतो. तुम्ही मेंटेनन्स बघत असाल, पॅनल बनवत असाल किंवा स्वतःचा छोटा कारखाना चालवत असाल, तर कॅल्क्युलेटर जवळ घेऊन बसा.

आधी मुद्द्याची गोष्ट. मेन ब्रेकर दुपारी ट्रिप झाला. मालकाचा फोन आला, "अहो, माल अडकलाय, काहीतरी करा!" मग कुणीतरी पारदर्शक झाकण उघडतं, छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतं आणि सगळे डायल उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून टाकतं. ब्रेकर ट्रिप व्हायचा थांबतो. सगळे खूश.

पण झालं काय? आजार तसाच राहिला आणि आपण थर्मामीटर फेकून दिलं.

ट्रिप युनिटचं सेटिंग म्हणजे ब्रेकरला दिलेल्या दोन सूचना असतात. पहिली, कोणती केबल आणि कोणता ट्रान्सफॉर्मर वाचवायचा. दुसरी, फॉल्ट झाला तर कुणी आधी उघडायचं आणि कुणी थांबायचं. या दोन सूचना कळल्या की डायल अवघड राहत नाहीत.

आधी दिवा बघा, मग रिसेट करा

बहुतेक इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिटवर ट्रिपचं कारण सांगणारे दिवे किंवा डिस्प्ले असतो. घाईत आपण तो न बघताच रिसेट दाबतो आणि सगळ्यात मोठा पुरावा पुसून टाकतो. आधी मोबाइलवर फोटो काढा. नंतर कारणाप्रमाणे पुढे जा.

- ओव्हरलोडचा दिवा: लोड खरंच जास्त आहे किंवा सेटिंग लोडपेक्षा खाली आहे. क्लॅम्प मीटर लावा, तिन्ही फेज मोजा. लगेच पुन्हा चालू करायची घाई नको. या युनिटमध्ये थर्मल मेमरी असते. केबल अजून गरम आहे, हे त्याला आठवतं, म्हणून दुसऱ्यांदा ते लवकर ट्रिप होतं. तो बिघाड समजू नका.
- शॉर्ट सर्किटचा दिवा: इथे डायलला हात लावायचा नाही. आधी फॉल्ट शोधा. केबल मेगर करा, बसबार बघा. फॉल्टवर ब्रेकर पुन्हा चालू करणं म्हणजे जिवाशी खेळ.
- अर्थ फॉल्टचा दिवा: खरा अर्थ फॉल्ट असू शकतो किंवा न्यूट्रलच्या वायरिंगची गडबड. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबीत द्विधातूची पट्टी असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पॅनल तापलं की ती लवकर वाकते आणि ब्रेकर आधी पडतो. इलेक्ट्रॉनिक युनिट सीटीमधून करंट मोजतं, त्यामुळे हवेच्या तापमानाने त्याचा ट्रिप पॉइंट तसा हलत नाही. म्हणजे "उन्हामुळे ट्रिप होतोय" हे कारण इथे सहसा चालत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. लूज लग तापून लाल झाला, तरी करंट तेवढाच असेल तर युनिटला त्याचा पत्ता लागत नाही. लग घट्ट आहे का हे तुम्हालाच बघावं लागतं, डायल ते काम करत नाही.

आपलं उदाहरण

एक साधा कारखाना धरू. ११ केव्हीचं कनेक्शन, ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, दुय्यम बाजूला ४३३ व्होल्ट. एलटी पॅनलवर मेन एसीबी ८०० अँपिअरचा. त्याखाली सगळ्यात मोठा आउटगोइंग फीडर २५० अँपिअरच्या थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबीवर.

कागदावर पहिला हिशोब:

५००००० भागिले (१.७३२ × ४३३) = साधारण ६६७ अँपिअर.

हा ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट. आता नेमप्लेटवर इम्पीडन्स ४.५ टक्के आहे असं धरू. मग एलटी बाजूला जास्तीत जास्त शॉर्ट सर्किट करंट:

६६७ भागिले ०.०४५ = साधारण १४८०० अँपिअर, म्हणजे १४.८ केए.

हा ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवरचा आकडा आहे. केबलच्या लांबीप्रमाणे तो कमी होत जातो. ट्रान्सफॉर्मर ते पॅनल केबलची क्षमता, डिरेटिंग धरून, ७०० अँपिअर निघाली असं समजू.

६६७, ७०० आणि १४८०० हे तीन आकडे हातात नसतील, तर डायलला हात लावू नका. पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे.

डायलच्या खाचा कंपनीप्रमाणे बदलतात. इथे मी श्नायडरच्या मायक्रोलॉजिक ६.० सारख्या युनिटच्या खाचा धरतोय. एबीबीचं एकिप असो की सीमेन्सचं ईटीयू, तत्त्व तेच. फक्त नावं आणि पायऱ्या तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

पहिला डायल: लाँग टाइम, म्हणजे आय-आर

हा ओव्हरलोडचा डायल. तो ब्रेकरच्या रेटिंगच्या पटीत असतो: ०.४, ०.५, ०.६ असं करत १ पर्यंत.

आपल्याला ६६७ च्या आसपास थांबायचंय आणि केबलच्या ७०० च्या वर जायचं नाही.

०.८ × ८०० = ६४० अँपिअर.
०.९ × ८०० = ७२० अँपिअर.

०.९ वर गेलो की केबलची मर्यादा ओलांडली. म्हणून ०.८.

"पण सर, ६४० वर ठेवलं तर ६५० ला ट्रिप होईल ना?" नाही. हे युनिट साधारण सेटिंगच्या १.०५ ते १.२० पटीच्या दरम्यान ट्रिपच्या तयारीला लागतं. ६४० साठी ती पट्टी ६७२ ते ७६८ अँपिअरची झाली. म्हणजे ट्रान्सफॉर्मर पूर्ण लोडवर चालू शकतो.

आता कुणी हा डायल १ वर नेला असं समजा. पट्टी झाली ८४० ते ९६० अँपिअर. म्हणजे ट्रान्सफॉर्मर २५ टक्के ओव्हरलोडवर महिनोन् महिने चालला, तरी ब्रेकर गप्प! ट्रान्सफॉर्मरमधल्या साध्या कागदी इन्सुलेशनचा हॉट स्पॉट ठरलेल्या मर्यादेपेक्षा दर ६ अंश वर गेला की त्याचं म्हातारपण दुप्पट वेगाने येतं, असा नियम आहे. आज वाचवलेला अर्धा तास काही वर्षांनी अख्ख्या ट्रान्सफॉर्मरच्या किमतीत वसूल होतो.

लोड खरंच वाढला असेल तर उपाय डायलवर नाही. लोड वाटून घ्या, शिफ्ट बदला किंवा क्षमता वाढवा. मालकाला हे आकडे दाखवून सांगा. "डायल फुल आहे, आता काही होणार नाही" असं कधीच सांगू नका.

याच्या शेजारी वेळेचा डायल असतो, टी-आर. तो सहा पट करंटला किती सेकंदांत उघडायचं ते सांगतो. ८ सेकंद ठेवलं तर सहा पटीला ८ सेकंदांच्या आत. दीडपट लोडला मात्र तोच ब्रेकर काही मिनिटं घेतो. मोठी मोटर सुरू होताना तेवढा वेळ निघून गेला पाहिजे, यापेक्षा जास्त वेळ देण्यात अर्थ नाही.

दुसरा डायल: शॉर्ट टाइम, म्हणजे आय-एस-डी

खरी गंमत इथे आहे. एका फीडरवर शॉर्ट सर्किट झालं आणि मेन ब्रेकर पडला, तर एका मशीनच्या चुकीची शिक्षा अख्ख्या कारखान्याला. कॉम्प्रेसर बंद, सीएनसीवरचा जॉब अर्धवट, ओव्हनमधला माल वाया. फीडरचा ब्रेकर पडला असता, तर एकच लाइन थांबली असती. यालाच डिस्क्रिमिनेशन म्हणतात. सोप्या भाषेत: ज्याच्या घरात आग, त्यानेच दार लावायचं.

आपल्या २५० अँपिअरच्या एमसीसीबीचं मॅग्नेटिक ट्रिप १० पटीवर आहे, म्हणजे २५०० अँपिअर. त्यात २० टक्के टॉलरन्स धरा. म्हणजे वाईटात वाईट तो ३००० ला उघडेल.

मेनचा आय-एस-डी याच्या वर हवा. तो आय-आरच्या पटीत असतो:

५ × ६४० = ३२०० अँपिअर.
६ × ६४० = ३८४० अँपिअर.

३२०० पुरेसा वाटतो, नाही का? पण यालाही १० टक्के टॉलरन्स आहे. ३२०० चे २८८० झाले तर तो ३००० च्या खाली आला. म्हणून ६ घ्या. १० टक्के वजा केले तरी ३४५६ राहतात.

मग सरळ १० वरच का ठेवू नये? कारण पॅनलमधला प्रत्येक फॉल्ट १४.८ केए देत नाही. बसबारवर आर्क पेटला, तर आर्कचा स्वतःचा रोध मध्ये येतो आणि करंट बराच कमी होतो. १० वर ठेवलं तर ६४०० अँपिअरच्या खालचा आर्क शॉर्ट टाइमला दिसणारच नाही. तो ओव्हरलोड समजून काही सेकंद जळू दिला जाईल. काही सेकंदांत पॅनलचं काय होतं, ते जळालेलं पॅनल बघितलेल्याला विचारा.

आता वेळ, टी-एस-डी. एमसीसीबी मोठा फॉल्ट काही दहा मिलिसेकंदांत तोडतो. मेनला ०.२ सेकंद थांबवलं की एमसीसीबीला काम संपवायला पुरेसा अवधी मिळतो. ०.४ ची गरज नसेल तर देऊ नका. फॉल्टमध्ये सुटणारी ऊर्जा वेळेबरोबर वाढत जाते आणि पॅनलसमोर माणूस उभा असू शकतो.

इथे एक खाच-खळगा आहे. आय-एस-डी हा आय-आरच्या पटीत आहे. म्हणजे कुणी आय-आर ०.८ वरून १ वर नेला, तर आय-एस-डीचा डायल न हलवताही ३८४० चे ४८०० होतात. एक डायल हलला की दोन सेटिंग बदलली. हिशोब पुन्हा करा.

तिसरा डायल: इन्स्टंटेनियस, म्हणजे आय-आय

हा मात्र ब्रेकरच्या मूळ रेटिंगच्या पटीत असतो आणि याला थांबणं माहीत नाही. समजा तो १० वर आहे. १० × ८०० = ८००० अँपिअर.

आता एमसीसीबीच्या पुढे, पॅनलपासून चार-पाच मीटरवर फॉल्ट झाला. करंट ८००० च्या बराच वर. एमसीसीबी उघडतो, पण मेनही त्याच क्षणी उघडायचा हुकूम देतो. वर आपण ०.२ सेकंद थांबवण्यासाठी केलेली सगळी मेहनत पाण्यात!

म्हणून बऱ्याच एसीबीवर आय-आय "ऑफ" करायची सोय असते. पण ऑफ करण्याआधी दोन गोष्टी तपासा: एसीबीची शॉर्ट टाइम विथस्टँड, म्हणजे आय-सी-डब्ल्यू, आणि पॅनलच्या बसबारची तीच क्षमता. १४.८ केए ०.२ सेकंद सोसायची ताकद दोघांतही असली पाहिजे. पॅनलच्या नेमप्लेटवर किंवा टाइप टेस्टच्या कागदात हे मिळतं. कागद नसेल, तर ऑफ करू नका. आणि एमसीसीबीच्या बाबतीत हा विचारच नको. त्याची रचना त्यासाठी नसते.

चौथा डायल: अर्थ फॉल्ट, म्हणजे आय-जी

सर्वांत जास्त शिव्या खाणारा डायल हाच. "काही कारण नसताना ट्रिप होतो" म्हणून तो एक तर फुल केला जातो, नाही तर बंद.

आपल्या मेनला ३० टक्के ठेवला, तर २४० अँपिअर. वेळ ०.२ सेकंद. पण हे लक्षात घ्या, की २४० अँपिअर माणसाला शॉकपासून वाचवत नाहीत. त्यासाठी शेवटच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा लागतो. मेनचं अर्थ फॉल्ट प्रोटेक्शन उपकरणं जळण्यापासून आणि आगीपासून वाचवण्यासाठी असतं.

आता "विनाकारण" ट्रिपची कारणं बघू.

एक, तीन पोलचा एसीबी, पण न्यूट्रलवर सीटीच बसवलेला नाही. युनिट तिन्ही फेजची बेरीज करतं. ऑफिस, एसी, लायटिंग असा सिंगल फेज लोड असमान असला की ती बेरीज शून्य येत नाही. ती न्यूट्रलमधून परत जाते, पण युनिटला न्यूट्रल दिसतच नाही. त्याला वाटतं, करंट जमिनीत चाललाय. न्यूट्रलमध्ये २४० च्या वर गेलं की ट्रिप.

दोन, सीटी आहे, पण उलटा बसवलाय. मग वजाबाकीऐवजी बेरीज होते आणि युनिटला न्यूट्रल करंट दुप्पट दिसतो. आपल्या सेटिंगला न्यूट्रलमध्ये १२० अँपिअर आले तरी ट्रिप.

तीन, पुढच्या एखाद्या सब-पॅनलमध्ये कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलंय. मग न्यूट्रलचा काही करंट अर्थमधून परत येतो. तो खरंच चुकीच्या वाटेने येतोय, त्यामुळे इथे युनिट बरोबर आहे आणि वायरिंग चूक.

तिन्ही ठिकाणी उपाय स्क्रू ड्रायव्हरने होत नाही. सीटी बसवा, सीटी फिरवा, लिंक काढा. डायल आहे तिथेच राहू द्या.

डीजीवर वेगळाच खेळ

लाइट गेली, डीजी सुरू झाला आणि तोच पॅनल आता २५० केव्हीएच्या डीजीवर आला. ४१५ व्होल्टला त्याचा फुल लोड करंट साधारण ३४८ अँपिअर. ट्रान्सफॉर्मर फॉल्टमध्ये १४.८ केए देत होता. अल्टरनेटर पहिल्या काही सायकलनंतर जेमतेम तीन पट टिकवतो, म्हणजे हजार-एक अँपिअर. तेही एक्सायटेशनची सोय चांगली असेल तर.

आता आपला एमसीसीबी आठवा: मॅग्नेटिक ट्रिप २५०० अँपिअरला. हजार अँपिअरला तो झटकन उघडणारच नाही!

म्हणून डीजीच्या ब्रेकरचं सेटिंग ट्रान्सफॉर्मरच्या मेनवरून उतरवू नका. त्याचा आय-आर अल्टरनेटरच्या करंटजवळ ठेवा. ४०० अँपिअरच्या ब्रेकरला ०.८५ ची खाच असेल तर ३४०. आय-एस-डी साधारण दीड ते अडीच पट, म्हणजे २ वर ठेवला तर ६८०. सगळ्यात मोठी मोटर सुरू होताना तो पडत नाही ना, हे एकदा प्रत्यक्ष तपासा.

इथे डिस्क्रिमिनेशन थोडं सोडावं लागतं. डीजीवर असताना फीडरच्या फॉल्टला डीजीचाच ब्रेकर उघडू शकतो. हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

बदल करताना हा क्रम पाळा

१. बदलाआधी सगळ्या डायलचा फोटो काढा. तारीख दिसू द्या.

२. सप्लाय बंद करा, परमिट घ्या, लॉक लावा. काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखालीच करा.

३. डायल खाचेत नीट बसला का बघा. दोन खाचांच्या मध्ये अडकलेला डायल म्हणजे अंदाज.

४. शक्य असेल तर सेकंडरी इंजेक्शन किटने ट्रिप तपासा. डायलवर आकडा लिहिलेला असणं आणि ब्रेकर त्या आकड्याला खरंच उघडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीटीसकट सगळी साखळी तपासायची तर प्राथमिक इंजेक्शन लागतं.

५. नवीन आकडे, कारण, तारीख आणि सही हे सगळं एका कागदावर लिहून पॅनलच्या दारात आतून चिकटवा. झाकणाला सील लावा.

सील कशाला? कारण रात्रपाळीला दाब येणारच. सील तोडताना माणूस दोन सेकंद थांबतो आणि कागद वाचतो. तेवढे दोन सेकंद बऱ्याचदा पुरतात.

नवीन पॅनल आलं असेल तर अजून एक सांगतो. फॅक्टरीतून आलेली सेटिंग तुमच्या फॅक्टरीसाठी केलेली नसते. पॅनलवाल्याकडून सेटिंगचा तक्ता मागून घ्या. तो "नॉर्मलच ठेवलंय" म्हणाला, तर त्याला तीन आकडे विचारा: ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट, केबलची क्षमता आणि शॉर्ट सर्किट करंट. उत्तर आलं नाही तर नॉर्मल म्हणजे काय, ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

तुमच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या पॅनलवरच्या मेन ब्रेकरचे डायल वाचा, फक्त वाचा. वरच्या पद्धतीने त्यांचे अँपिअर काढा आणि ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटशी ताडून बघा. डायल शेवटच्या खाचेवर सापडला, तर लगेच फिरवू नका. आधी तो तिथे कधी आणि कुणी नेला ते शोधा. त्या दिवशी नेमका कोणता दिवा लागला होता, हे कळलं की निम्मं काम झालं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात सेकंडरी इंजेक्शन किट कसं जोडायचं ते हातात घेऊन दाखवतो.